कूपे, कॅब, डिकी, धुरा: घोडागाड्या गेल्या, त्यांचे शब्द कुठे गेले?

पाटीपुस्तक यांचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये घडणाऱ्या एका इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ लेखकाने गाड्यांची नावे फार काटेकोरपणे वापरली आहेत. श्रीमंत विधवा लँडोतून येते, तिचा उधळ्या पुतण्या स्वतः फेटन हाकतो, डॉक्टर ब्रूममधून रुग्णांकडे जातात, वकिलाचा कारकून घाईच्या वेळी हॅन्सम थांबवतो आणि मुलांना शिकवायला येणारी बाई ऑम्निबसने येते. अनुवादकाने या सर्वांना सरसकट ‘घोडागाडी’ म्हटले आहे आणि जिथे दोन गाड्या एकाच रस्त्यावर समोरासमोर येतात तिथे ‘दुसरी घोडागाडी’ एवढ्यावर भागवले आहे. गोष्ट कळते, पण कोण किती पाण्यात आहे, हे मूळ वाचकाला गाडीच्या नावावरूनच कळत असे, ते मराठीत हरवते.

हे तपासताना लक्षात आले की यांतील कितीतरी शब्द आपण रोज वेगळ्याच अर्थाने वापरतो. कोच, कॅब, कूपे, सेडान, बस हे सगळे घोड्यांच्या काळातले आहेत, असे ऐकून होतो. पण घोडा गेल्यावर नाव का टिकले आणि अर्थ नेमका कसा सरकला, हे जाणकारांकडून समजून घ्यायला आवडेल. दुसरा प्रश्न मराठीपुरता आहे. टांगा, बग्गी, शिग्राम, दमणी, छकडा, खाचर अशी गाड्यांची नावे आपल्याकडेही होती. त्यांपैकी एखाद्या शब्दाला मोटारीच्या काळात नवा अर्थ मिळाला का, की मोटार आली तेव्हा आपण तिच्याबरोबर आलेली परकी नावे तशीच ठेवून घेतली?

चासीनंबर यांचे उत्तर

नावे टिकण्याचे कारण आधी कारखान्यात शोधावे, असे मला वाटते. सुरुवातीच्या काळात मोटार बनवणारी कंपनी पुष्कळदा फक्त सांगाडा, इंजिन आणि चाके देत असे. त्यावरची बैठक, दारे, छप्पर आणि गाद्या हे काम गिऱ्हाईक बग्ग्या बांधणाऱ्या एखाद्या जुन्या कारखान्याकडून करून घेत असे. लाकूड, चामडे आणि वार्निश यांत हात मुरलेले ते कारागीर आपल्या बांधणीच्या प्रकारांना पिढ्यान्‌पिढ्या जी नावे देत आले होते, तीच नावे त्यांनी पुढे घोड्याऐवजी इंजिन आल्यावरही चालू ठेवली. काही ठिकाणी तर एकच कंपनी दोन्ही युगांत होती. अमेरिकेतील स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये साउथ बेंड येथे गाड्या बांधण्याचा धंदा सुरू केला आणि त्यांच्याच कंपनीने १९०२ मध्ये विजेवर चालणारी व १९०४ मध्ये पेट्रोलवर चालणारी मोटार विकायला काढली. महाराष्ट्रातल्या वाचकाला कामाची ही विभागणी अपरिचित नाही, कारण आपली एस.टी. वर्षानुवर्षे कंपनीकडून नुसती चासी घेऊन दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत तिच्यावर बॉडी बांधत आली आहे.

म्हणून ही नावे इंजिनाची नव्हेत, आकाराची आहेत, हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे सोपे होते. कूपे या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘कापलेली’ असा आहे. बर्लिन शहराच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या गाडीत समोरासमोर दोन बाके असत. त्यांतले पुढचे बाक काढून टाकून गाडी आखूड केली की ती ‘कापलेली’ गाडी झाली. मोटारीत कूपे म्हणजे ठेंगणी, बहुधा दोन दारांची गाडी. आपल्या रेल्वेच्या पहिल्या वर्गात मात्र कापण्याचा अर्थ अधिक शाबूत आहे, कारण तिथे चार शायिकांचा पूर्ण कप्पा आणि त्याचा अर्धा, म्हणजे दोन शायिकांचा, तो कूपे. बर्लिन हे नावही मेलेले नाही. फ्रेंच आणि इटालियन लोक आजच्या सेडानला त्याच शब्दाच्या आपापल्या रूपाने ओळखतात.

सेडानचे प्रकरण वेगळे आहे, कारण तिला घोडा कधीच नव्हता. सतराव्या शतकापासून इंग्लंडात दोन माणसे दांड्यांवर उचलून नेत ती एका माणसाच्या बैठकीची बंद पेटी म्हणजे सेडान. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे: मेणा. सेडान या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, परंतु १९१२ च्या सुमारास बंदिस्त मोटारीला ते नाव देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती बंद पेटी असणार, हे उघड आहे. आपल्या कादंबरीत जुन्या पिढीतली एखादी म्हातारी सेडानमधून आली, तर ती मेण्यातून आली असेच लिहावे. नाहीतर वाचक तिच्यासाठी पार्किंग शोधू लागेल.

लँडो जर्मनीतल्या लांडाऊ गावाच्या नावाची. तिचे छप्पर दोन तुकड्यांचे असते, ते मधोमध मिटते आणि पुढे-मागे दुमडता येते. मिरवण्यासाठी याहून सोयीची गाडी नाही, म्हणून ब्रिटिश राजघराण्याच्या मिरवणुकीत ती आजही दिसते. ब्रूम हे लॉर्ड ब्रूम यांचे नाव. त्यांनी १८३८ मध्ये स्वतःसाठी बांधून घेतलेली आटोपशीर, बंद, एका घोड्याची गाडी पुढे डॉक्टर आणि धंदेवाईक मंडळींत रुळली. फेटन हे नाव ग्रीक पुराणातले. सूर्याचा मुलगा बापाचा रथ हट्टाने मागून घेतो आणि घोडे त्याला आवरत नाहीत, अशी ती कथा आहे. वेगवान, उघडी आणि मालकाने स्वतः हाकायची गाडी विकणाऱ्याला अपघाताची कथाच नाव म्हणून आवडावी, याचे मला नेहमी नवल वाटते. आणि फोक्सवॅगनने २००२ मध्ये आपल्या सर्वांत महागड्या, भारदस्त मोटारीला पुन्हा तेच नाव दिले, याचे त्याहून अधिक. तुर्कस्तानात मात्र फायतोन म्हणजे कोणतीही घोडागाडी. इस्तंबूलजवळच्या बेटांवरच्या फायतोन २०२० मध्ये बंद होऊन तिथे विजेवरच्या गाड्या आल्या.

आता गाडीच्या अवयवांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवण्यासाठी चालकाच्या पायांपुढे एक फळी किंवा चामड्याचा ताणलेला पडदा असे, तो डॅशबोर्ड. मोटारीत टापा गेल्या, फळी राहिली. फळीवर वेग आणि तेल दाखवणारी तबके लागली. आणि आता जिल्हा परिषदेतला अधिकारी योजनांची आकडेवारी संगणकाच्या ज्या पडद्यावर पाहतो त्यालाही डॅशबोर्ड म्हणतात. चिखल अडवणे हे त्याचे मूळ काम होते, हे सांगितले तर कार्यालयात काही जण हसतील आणि काही जण गंभीर होतील.

डिकी हा शब्द तर जपून ठेवावा असा आहे. सामानाच्या कप्प्याला इंग्लंडमध्ये बूट म्हणतात आणि अमेरिकेत ट्रंक. डिकी म्हणतो तो आपल्याकडचा माणूस. घोडागाडीत डिकी म्हणजे चालकाची उंच बैठक किंवा गाडीच्या मागच्या बाजूला नोकरासाठी केलेली बसायची जागा. दोन आसनी मोटारी आल्या तेव्हा त्यांच्या पाठीमागे झाकण उघडले की आसन होईल अशी सोय केलेली असे, तिला तेच नाव मिळाले. पुढे आसन गेले, झाकण राहिले आणि त्याखाली सामान आले. मराठीत तर हा शब्द स्कूटरच्या बैठकीखालच्या खणापर्यंत पोहोचला आहे. बूट हाही घोडागाडीतलाच शब्द आहे, पण तो आपल्याकडे पायात राहिला.

गिरगावकर यांचे उत्तर

वरचे उत्तर मालकीच्या गाड्यांविषयी आहे, मी भाड्याच्या गाड्यांविषयी लिहितो, कारण शब्दांची खरी घुसळण भाड्याच्या धंद्यात झाली. लंडनमध्ये भाड्याने मिळणाऱ्या गाडीला हॅकनी म्हणत, आणि तिथली टॅक्सी कायद्याच्या भाषेत आजही हॅकनी कॅरेजच आहे. लंडनजवळच्या हॅकनी गावाच्या परिसरातले घोडे हे या नावाचे मूळ असावे, असे बहुतेक कोशकार मानतात. भाड्याचा घोडा कोणीही वापरावा आणि दमवावा, यावरून आधी पैशांसाठी वाटेल ते लिहून देणाऱ्या लेखकाला आणि मग वापरून गुळगुळीत झालेल्या वाक्प्रचाराला इंग्रजीत याच शब्दाची रूपे चिकटली. पॅरिसमध्ये सेंट फियाकर नावाच्या इमारतीपाशी सतराव्या शतकात भाड्याच्या गाड्या उभ्या राहत, म्हणून तिथली भाड्याची गाडी फियाकर झाली. व्हिएन्नात पर्यटकांना फिरवणारी घोडागाडी अजून त्याच नावाने ओळखली जाते.

कॅब हे कॅब्रिओलेचे तुटके रूप आहे. फ्रेंचमध्ये त्या शब्दाच्या मुळाशी शेळीची उडी आहे, कारण ही हलकी दोनचाकी गाडी रस्त्यावर उड्या मारत जाई. एकाच शब्दाची दोन पोरे किती वेगळ्या घरी पडली पाहा: आखूड नाव भाड्याच्या गाडीला मिळाले आणि पूर्ण नाव छप्पर उघडणाऱ्या महागड्या मोटारीला. १८९१ मध्ये जर्मनीत फ्रीड्रिख ब्रून यांनी भाडे मोजणारे यंत्र तयार केले, त्या यंत्राच्या नावाचा पहिला भाग म्हणजे टॅक्सी. गेल्या काही वर्षांत मोबाइलवरून गाडी मागवण्याची सोय झाल्यापासून आपल्याकडे टॅक्सी म्हणजे रस्त्यात हात दाखवून थांबवायची काळी-पिवळी आणि कॅब म्हणजे मोबाइलवर बोलावलेली, असा भेद रूढ होताना दिसतो. मूळ शब्दांत त्याला काहीही आधार नाही, पण भाषा आधार विचारत बसत नाही.

हॅन्समचा मुंबईशी जवळचा संबंध आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. जोसेफ हॅन्सम या वास्तुविशारदाने १८३४ मध्ये या गाडीचे पेटंट घेतले खरे, पण ती ज्या रूपात लंडनभर पसरली ते रूप तिला जॉन चॅपमन यांच्या सुधारणांनी आले. हेच चॅपमन पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या उभारणीसाठी झटले, म्हणजे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या गाडीच्या मागे लंडनच्या घोडागाडीत हात घातलेला एक माणूस होता.

कोच हा शब्द हंगेरीतल्या कोच नावाच्या गावाचा. पंधराव्या शतकात तिथल्या गाड्या बुडापेस्ट आणि व्हिएन्ना यांच्यामधल्या वाटेवर नावाजल्या आणि गावाचे नाव युरोपभर गाडीचे नाव झाले. हंगेरियन भाषेत आजही मोटारीला कोचि म्हणतात. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षा पार करून देणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने कोच म्हणू लागले, तिथून तो शब्द वल्हवणाऱ्यांच्या संघात गेला आणि मग सगळ्या खेळांत. त्या हिशेबाने कोचिंग क्लास म्हणजे विद्यार्थ्याला गाडीत बसवून मुक्कामी पोहोचवण्याचा धंदा, आणि भाडे पाहता उपमा अगदीच चुकीची नाही.

बसची कथा पॅरिसपासून सुरू करावी लागते. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात, कोणालाही बसता येईल अशी गाडी चालवण्याची कल्पना गणितज्ञ ब्लेझ पास्कल यांनी १६६२ मध्ये तिथे प्रत्यक्षात आणली होती. पण सैनिक आणि नोकरचाकर यांना तीत बसण्यास मनाई झाली आणि काही वर्षांत ती बंद पडली. १८२६ मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात स्तानिस्लास बोद्री यांनी सुरू केलेल्या गाड्यांना ऑम्निबस, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सर्वांसाठी’, हे नाव मिळाले. जॉर्ज शिलिबीअर यांनी ४ जुलै १८२९ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक या मार्गावर तीन घोड्यांची, २२ उतारूंची ऑम्निबस सुरू केली. आपल्या कादंबरीतली शिकवणारी बाई बहुधा अशाच एखाद्या गाडीत बसली असेल.

मुंबईला मात्र ऑम्निबसच्या आधी ट्राम भेटली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर गेली आणि मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी आली. या सगळ्याच्या आधी आणि बरोबरीने चालत होते ते शिग्राम, म्हणजे पेटीसारखी बंद भाड्याची गाडी. जुन्या अँग्लो-इंडियन शब्दसंग्रहात हा मुंबईकडचा शब्द म्हणून नोंदला आहे आणि त्याचे मूळ ‘शीघ्र’ असे दिले आहे. गाडीचा वेग पाहता नावात थोडी जाहिरात असावी. हा शब्द पूर्ण मेला, त्याला नवा अर्थ मिळाला नाही.

व्हिक्टोरियाचे मात्र उलटे झाले. राणीच्या नावाची ही ठेंगणी, दुमडत्या छपराची गाडी मुंबईत आधी वाहतुकीचे साधन होती, नंतर नरिमन पॉइंट आणि गेटवेजवळची हौस झाली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौशी फेऱ्यांच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि २०२१ मध्ये त्याच धाटणीच्या बॅटरीवरच्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यांनाही व्हिक्टोरियाच म्हणतात. चासीनंबर यांनी सांगितलेला नियम, की नाव आकाराला चिकटते आणि ओढणाऱ्याला नाही, तो इथे आपल्या डोळ्यांदेखत सिद्ध झाला. जाता जाता आणखी एक: तबेला हा मूळचा घोड्यांचा, पण मुंबईत आज तबेला म्हटले की म्हशीच आठवतात.

प्रत्यय यांचे उत्तर

गिरगावकर यांनी ऑम्निबसचा अर्थ सांगितला, त्याला एक पुस्ती जोडतो. या शब्दात ‘सर्व’ हा अर्थ पहिल्या भागात आहे आणि आपण जो तुकडा तोडून घेतला तो ‘बस’ म्हणजे निव्वळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे. शाळेत ‘रामाय रामाभ्याम् रामेभ्यः’ घोकलेल्यांना सांगायला हरकत नाही की संस्कृतातला ‘भ्यः’ आणि लॅटिनमधला हा ‘बस’ हे एकाच कुळातले प्रत्यय आहेत. नुसता प्रत्यय धातूवाचून रस्त्यावर धावतो आहे, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्याच न्यायाने वॅगन आणि आपले वाहन हेही भाऊबंद आहेत, कारण ‘वह्’ धातूचे ते युरोपातले नातेवाईक होत. फोक्सवॅगन म्हणजे ‘लोकवाहन’.

परंतु मूळ प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मराठीत गाडीच्या शब्दांना नवे अर्थ मिळाले का, याचे उत्तर गाड्यांच्या नावांत शोधले तर थोडे हाती लागते. गाडीच्या आणि जुंपणीच्या भागांत शोधले तर घबाड सापडते. संस्कृतातली धुर् म्हणजे जनावराच्या खांद्यावर येणारा जुवाचा भाग. तिच्यावरून आलेली धुरा आपण आज पक्षाची, संस्थेची, संपादकपदाची सांभाळतो. (विदर्भातला धुरा, म्हणजे शेताचा बांध, इथे अभिप्रेत नाही.) धुरंधर आणि धुरीण हे दोन्ही शब्द मुळात ओझे ओढणाऱ्या जनावराला लावता येत, आज वर्तमानपत्रे ‘राजकारणातील धुरंधर’ आणि ‘समाजधुरीण’ असे आदराने छापतात आणि ज्यांच्याविषयी छापतात तेही ते आनंदाने वाचतात. कर्णधाराने केलेले संघाचे सारथ्य, व्यासपीठावरचे अतिरथी-महारथी, मनातल्या मनात धावणारे मनोरथ हे सगळे रथाच्या कुटुंबातले. युज् म्हणजे जुंपणे. त्यावरून आलेला योग आता जगभर सतरंजीवर केला जातो. अस्सल मराठी शब्दांकडे यावे तर जोखड गुलामगिरीचे असते, माणसे कामाला जुंपली जातात, भांडणही जुंपते, आणि घोड्याच्या किंवा घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापड विचारांना लागली की ते झापडबंद होतात.

माझे म्हणणे असे की इंग्रजीने घोडागाडीचे शब्द नव्या यंत्राला दिले, तर मराठीने ते माणसांच्या वागण्याला आणि सत्तेला दिले. याचे एक कारण असे असू शकेल की मोटार आपण बांधली नाही, आयती घेतली. तिच्या भागांना नाव देण्याची वेळ आपल्या कारागिरांवर उशिरा आली. जुंपणे, ओढणे आणि हाकणे मात्र आपल्याकडे शतकानुशतके चालू होते.

बालाघाट यांचे उत्तर

प्रत्यय यांचे उत्तर विद्वत्तापूर्ण आहे, पण ‘गाड्यांच्या नावांत थोडे हाती लागते’ हे विधान मला मान्य नाही. पुस्तकांऐवजी बस स्थानकाच्या बाहेर जाऊन पाहिले तर चित्र निराळे दिसते. ब्रिटिश अधिकारी स्वतः हाकत असत त्या उघड्या, हलक्या दोनचाकी गाडीला त्या काळी टमटम म्हणत. आज मराठवाड्यात टमटम म्हणजे डिझेलवर चालणारी, गावोगाव उतारू भरून नेणारी तीनचाकी. साहेबाची गाडी आठवडे बाजारच्या वाटेला लागली, आणि मालक बदलला तरी नाव तेच राहिले. सातारा-सांगलीकडे अशा वाहतुकीला वडाप म्हणतात, पण तो शब्द घोड्यांच्या काळातला नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो.

खटारा घ्या. ओझे वाहणाऱ्या बैलगाडीचा हा शब्द आज कुठल्याही खडखडणाऱ्या मोटारीला, मोटारसायकलला आणि संगणकालासुद्धा लावतात. टप हे बग्गीचे दुमडते छप्पर. आज टप म्हणजे बसचे छप्पर, ज्यावर पूर्वी कोंबड्यांच्या खुराड्यापासून सायकलीपर्यंत काहीही चढवले जाई. टांगा रस्त्यावरून जवळजवळ गेला, पण ‘टांगा पलटी, घोडे फरार’ हे दारू अंगावर आलेल्या माणसाचे वर्णन त्याला जिवंत ठेवून आहे. ज्या तरुणांनी टांगा पाहिलेला नाही तेही ते बिनचूक जागी वापरतात. दख्खनेतल्या याच टांग्याने रेल्वे होण्यापूर्वी कालका–सिमला मार्गावर साहेबांची ने-आण केली होती, हे ध्यानात ठेवले तर त्याची ही अखेर थोडी अन्यायाची वाटते. बग्गीचे मात्र बरे चालले आहे. लग्नाच्या वरातीत ती आहे, विमानतळावर आणि उद्यानांत बॅटरीची बग्गी आहे, आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपती मुर्मू फ्रान्सच्या अध्यक्षांसह जुन्या बग्गीतून संचलनाला आल्या.

आणि सर्वांत मोठा शब्द सगळ्यांच्या नजरेतून सुटला आहे, तो म्हणजे गाडी. बैलाची, घोड्याची, मग आगीनगाडी, मग मोटारगाडी. आता विशेषण गळून नुसती गाडी. मुंबईच्या उपनगरातला माणूस ‘गाडी चुकली’ म्हणतो तेव्हा लोकल असते, पुण्यातला ‘गाडी लावतो’ म्हणतो तेव्हा बहुधा दुचाकी असते. एवढा सरकलेला शब्द असताना मराठीने यंत्राला आपला शब्द दिला नाही, असे कसे म्हणावे?

मला फरक दिसतो तो प्रतिष्ठेचा. इंग्रजीत फेटन आणि कूपे शोरूममध्ये गेल्या; आपल्याकडे टमटम आणि खटारा बाजारात राहिले. ज्याच्याकडे मोटार विकत घेण्याइतका पैसा होता, त्याने नावही विकतचे घेतले. ज्याला भाड्याने जायचे होते, त्याने आजोबांचा शब्द वापरला. सरकारी भाषेचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. घोडे बदलण्याचे ठिकाण आणि दोन ठिकाणांमधले अंतर यांना इंग्रजीत जो शब्द होता, त्यावरून १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बसला ‘स्टेज कॅरेज’ म्हटले आहे. त्याचे मराठी ‘टप्पा वाहतूक’. एस.टी.चे तिकीट टप्प्यांवर आकारले जाते, त्या टप्प्याच्या मुळाशी दमलेला घोडा आहे.

पाटीपुस्तक

सर्वांचे मनापासून आभार. अनुवादकाशी बोलून असे ठरवत आहे की मालकीच्या गाड्यांची नावे, म्हणजे लँडो, फेटन आणि ब्रूम, तशीच ठेवावीत आणि प्रत्येकीच्या पहिल्या उल्लेखात अर्ध्या ओळीत तिचे रूप कळेल असे काही घालावे. सेडान तेवढी मेणा करावी. अडचण भाड्याच्या गाड्यांची आहे. मूळ कादंबरीत हॅन्समखेरीज एक चारचाकी, बंद, खडखडाट करणारी भाड्याची गाडी वारंवार येते. तिला शिग्राम म्हणावे असा मोह होतो. ऑम्निबसला नुसते बस म्हणावे का, हाही प्रश्न आहे.

गिरगावकर

शिग्राम म्हणू नये, असे माझे मत आहे. शब्द सुंदर आहे, पण तो आला की लंडनच्या धुक्यात काळबादेवी दिसू लागेल. ‘भाड्याची चारचाकी’ एवढे पुरे. सामान घेऊन स्टेशनवर जाणारी माणसे तीच घेत, कारण हॅन्सममध्ये दोघांपलीकडे आणि ट्रंकांना जागा नसे. ऑम्निबस मात्र ऑम्निबसच ठेवावी. बस लिहिले की वाचकाला इंजिनाचा आवाज ऐकू येतो आणि पुढच्या पानावर घोडा घसरून पडला तर तो गोंधळतो.

हॅन्समच्या बाबतीत नावापेक्षा हालचालींकडे लक्ष द्यावे. तिचा चालक उतारूंच्या पुढे बसत नाही. तो त्यांच्या पाठीमागे, छपराच्याही वर, उंच बैठकीवर असतो आणि लगाम छपरावरून पुढे जातात. उतारूंना पत्ता सांगायचा किंवा पैसे द्यायचे असले, तर छपरातली झडप वर ढकलावी लागते. त्यामुळे अनुवादात कुठे ‘चालकाने मागे वळून विचारले’ किंवा ‘कारकुनाने चालकाच्या पाठीवर थाप मारली’ अशी वाक्ये आली असतील, तर ती सर्व तपासून घ्यावीत.